रेल्वेवेड्या लेकीसाठी माथेरानची मिनी ट्रेन: कसं जमवावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकरोडला राहतो. लेक साडेपाच वर्षांची आहे आणि तिला रेल्वेशिवाय दुसरा विषय नाही. संध्याकाळी बाकीची पोरं बागेत जातात, हिला स्टेशनच्या पादचारी पुलावर न्यावं लागतं. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ इंजिन तिला लांबूनच ओळखता येतात, मला अजूनही येत नाहीत. इगतपुरीला मावशीकडे गेलो की कसाऱ्याहून गाडीला मागून ढकलत आलेली बँकर इंजिनं सुटताना पाहायला जेवणावरून उठून पळते. झोपताना गोष्ट चालत नाही, मनमाड ते मुंबई स्टेशनं म्हणायची. एखादं गाळलं तर झोपलेली पोर उठून बसते. 'यात्रीगण कृपया ध्यान दें' हे आमच्या घरात जेवायला बोलावताना म्हणतात, यावरून काय ते समजा.

आता कुणीतरी तिला माथेरानच्या गाडीचा व्हिडिओ दाखवला आहे. तेव्हापासून 'एवढीशी गाडी' चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत न्यावं असं मनात आहे, पण घरात एकमत नाही. नवरा म्हणतो, माथेरानला वाफेचं इंजिन नाही, मग जायचंच तर सरळ उटी. सासूबाईंना यायचं आहे, पण त्यांचे गुडघे बोलतात. लेकीला एसटीत घाट लागला की उलटी होते, रेल्वेत कधी झालेली नाही. पण ही गाडी म्हणे नुसती वळणावळणाची. शिवाय ही गाडी जिथून वर चढते त्या नेरळहून गाड्या सकाळी लवकर सुटतात आणि नाशिकहून पंचवटीने आलं तरी कल्याणलाच साडेनऊच्या आसपास होतात.

कुणी लहान मूल घेऊन गेलं असेल तर सांगा. तिकीट कसं मिळतं, कुठल्या बाजूला बसायचं, आजींचं काय करायचं. 'माथेरानमधले बघण्यासारखे पॉइंट' अशी यादी नको, ती गुगलवर भरपूर आहे.


सह्याद्रीपुत्र

तिकिटाचं पटकन सांगतो. नेरळ ते माथेरान तिकीट घरबसल्या काढून ठेवता येत नाही, नेरळच्या खिडकीवरच घ्यायचं, गाडी सुटायच्या थोडं आधी विक्री सुरू होते. डबे मोजके, जागा मोजक्या. सुट्टीच्या शनिवार-रविवारी रांग आधीच लागलेली असते. मधला वार गाठा. दुसरं, पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) हा भाग बंद असतो. अमन लॉज ते माथेरान शटल मात्र पावसातही चालते. दिवाळी लवकर आली आणि रुळांची कामं लांबली तर गाडी सुरू झालेली नसते, तेव्हा निघण्याआधी चौकशी कराच.


कर्जत स्लो

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि बायकोला हाक मारून वाचून दाखवला. आमचा चिरंजीव आता इंजिनिअरिंगला आहे, पण त्या वयात तंतोतंत असाच होता. आम्ही तेव्हापासून बदलापूरला राहतो, त्यामुळे माथेरानची गाडी आमच्या अंगणातली. त्याला घेऊन इतक्यांदा गेलोय की काही गोष्टी आता ठामपणे सांगू शकतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: तिला यातलं काही आधी सांगू नका. तिकीट हातात पडेपर्यंत 'नेरळला जातोय' एवढंच. ही गाडी लहरी आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग इतका वाहून गेला की पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले म्हणून बंद, पुन्हा पूर्ण मार्गावर धावली ती २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसात परत दरडी आणि रुळाखालची माती गेली, ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मोठ्या माणसाला हे समजतं. साडेपाच वर्षांच्या माणसाला, ज्याने रात्री बुटासकट झोपायचा हट्ट धरलेला असतो, त्याला नाही समजत.

दुसरी: पंचवटीने येऊन सकाळची गाडी गाठायचा नाद सोडा. आदल्या दिवशी कल्याण, बदलापूर, कर्जत, कुठे नातेवाईक असतील तिथे मुक्कामाला या. नेरळमध्येही साधी राहायची सोय आहे. सकाळी गाडीच्या तासभर तरी आधी नेरळ स्टेशनात पोचायचं, कारण तुमच्या लेकीसाठी अर्धा कार्यक्रम तिथेच आहे. एका बाजूला कर्जत-खोपोलीच्या लोकल आणि पुण्याच्या एक्स्प्रेस धडधडत जातात, तो १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज. आणि पलीकडे ६१० मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर दोन फुटांचा रूळ. शिवणकामातली मोजपट्टी बरोबर घ्या. आमच्या पोराने मिनी ट्रेनचा डबा यायच्या आधी, एका रेल्वे कर्मचाऱ्याला विचारून, त्याच्या देखत तो रूळ मोजला होता आणि दोन फूट भरल्यावर कर्मचाऱ्याला 'बरोबर आहे' असं सांगितलं होतं. स्टेशनाजवळ जुनं वाफेचं इंजिनही शोभेला ठेवलेलं आहे. नवऱ्याचं समाधान तिथे करा.

तिकिटाच्या रांगेत एकाच मोठ्या माणसाने उभं राहायचं. दुसऱ्याने पोरीला घेऊन इंजिनापाशी. हे आधीच वाटून घ्या, नाहीतर ज्याच्यासाठी आलो ते इंजिन रांगेतूनच बघावं लागतं. हल्लीची इंजिनं एनडीएम-६ जातीची डिझेल. मोठ्या इंजिनांपुढे ती अगदीच बुटकी दिसतात. चालक खिडकीतून जवळजवळ पोराच्या उंचीवर येतो, त्यामुळे बहुतेक वेळा दोन शब्द बोलतोही. शेडमध्ये मात्र न विचारता शिरू नका.

कुठल्या बाजूला बसायचं? भांडू नका. दोनशेहून जास्त वळणं आहेत, दरी एकदा डावीकडे येते, मग उजवीकडे. खिडकी महत्त्वाची, बाजू नव्हे. मधल्या डब्यांपेक्षा मागच्या डब्यात जागा मिळाली तर उत्तम, कारण वळणावर आपलं इंजिन आपल्यालाच समोरून जाताना दिसतं. आमच्याकडे दर वळणाला 'दिसलं!' असा पुकारा व्हायचा आणि डब्यातल्या अनोळखी आज्यासुद्धा नंतर त्यात सामील व्हायच्या.

आता गाडीबद्दल. अंतर साधारण २१ किलोमीटर आणि वर जायला अडीच ते पावणेतीन तास. हिशोब केलात तर ताशी आठ किलोमीटर पडतात. मोठ्यांना कंटाळा येईल, पोरांना येत नाही, कारण एवढ्या सावकाश गाडीतून सगळं दिसतं: रुळाच्या शेजारचा दगड, त्यावरचा सरडा, पुढच्या वळणावरची वेगमर्यादेची पाटी. चढ कमाल वीसास एक आहे, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. तुमची लेक ज्या कसारा घाटाची इंजिनं बघते तो ३७ ला एक. हे तिला तोंडाने सांगून कळणार नाही. पाण्याची बाटली अर्धी भरा, सीटवर आडवी ठेवा आणि पाण्याची रेघ बघायला सांगा. जुम्मापट्टी स्टेशनाच्या पुढे रेघ चांगली तिरकी होते. आमच्याकडे ती बाटली माथेरान येईपर्यंत कुणाला प्यायला मिळायची नाही.

आणि इथे दातेरी रूळ नाही बरं का. चाक आणि रूळ यांची पकड, बस. मधली बोगद्याची गंमत सांगून ठेवतो. पूर्ण मार्गावर एकच बोगदा, त्याला वन किस टनेल म्हणतात. नावाचं कारण मुलीने विचारलं तर नवऱ्याकडे बोट दाखवा. ती ओरडायला तोंड उघडेल आणि बोगदा संपेल, इतका छोटा. त्यामुळे आधीपासून तयारीत बसवा. वॉटर पाइप स्टेशनात वाफेच्या काळी इंजिनं पाणी भरून घ्यायची. गाडी थांबली तर पाय मोकळे करा, पण खाऊ हातात धरून नको, माकडं तिकीट तपासनिसापेक्षा तत्पर आहेत. त्यानंतर पॅनोरमा पॉइंटच्या बाजूची नागमोडी वळणं येतात आणि खाली नेरळ दिसतं, जिथून आपण दोन तासांपूर्वी निघालो तेच. अमन लॉजपासून पुढे लाल माती आणि झाडी.

गोष्टी ऐकायची आवड असेल तर हीही सांगा. मुंबईतले मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे बांधली. १९०४ मध्ये काम सुरू, २२ मार्च १९०७ ला वाहतूक सुरू. खर्च १६ लाख रुपये, तोही घरचा. सरकारने आखून दिलेली नव्हे, एका बाप-लेकांनी घरच्या पैशातून डोंगरावर चढवलेली रेल्वे, हे आमच्या चिरंजीवाला फार भावलं होतं. माझ्याकडे किती लाख आहेत याची चौकशी त्याने त्याच रात्री केली.

वर पोचल्यावर मोठ्यांची सर्वांत जास्त घाई होते. हमाल, घोडा, हॉटेल, चेक-इन. तुम्ही आजींना आणि सामानाला पुढे पाठवा आणि पोरीला फलाटावर थांबू द्या. इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून पुढे येतं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. कपलिंग जोडणारा माणूस दोन हातांवर असतो. नाशिकरोडच्या पुलावरून तिला हे कधीच दिसणार नाही. गाव बघायला संध्याकाळी एक शार्लोट तलाव पुरे. बारा पॉइंट दाखवायचा हट्ट केलात तर बाराव्या पॉइंटला पोर घोड्यावर झोपलेली असेल.

उतरताना मात्र मी पूर्ण गाडी घेत नाही. माथेरानहून शटलने अमन लॉज, वीस मिनिटांत. तिथून चार पावलांवर दस्तुरी नाका, तिथून शेअर टॅक्सीने नेरळ. चढताना इंजिन जोर लावतं, आवाज करतं, तो खरा तमाशा. उतरताना नुसते ब्रेक.


कुर्डुवाडी जंक्शन

कर्जत स्लो यांनी सगळं सांगितलं, पण आमच्याकडचा धागा सोडला. तो जोडतो.

माथेरानच्या रेल्वेच्या आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या ज्या इंग्रज इंजिनिअरचा हात होता, तोच आमच्या बार्शी लाइट रेल्वेचा जनक. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी त्याने सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरजेपर्यंत गेली. माथेरानला लागणारी वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बनवली. त्यांची करामत अशी की टोकाची चाकं वळणावर थोडी सरकू-फिरू शकायची. सहा चाकांचं ताठ इंजिन तसल्या वळणात अडकलं असतं. रेल्वेवेड्या पोरीला हे नक्की सांगा. दोन पेन्सिली आणि चार रिळं घेऊन घरी करूनही दाखवता येतं.

आणि माथेरानच्या डब्यांचं काम आमच्या कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होतं. आमची स्वतःची छोटी गाडी गेली, सगळीकडे ब्रॉडगेज झालं, पण वर्कशॉपने छोट्या डब्यांचा हात राखलाय. माझे वडील तिथे नव्हते, शेजारचे काका होते. माथेरानचा डबा तयार होऊन निघाला की ते घरी येऊन 'आमची पोरगी सासरी चालली' म्हणायचे.

बार्शी लाइटने आषाढीला पंढरपूरला जाताना डब्याच्या टपावरसुद्धा माणसं असायची, हे आजोबांकडून ऐकलंय. गाडी चढाला मंदावली की लोक उतरून शेजारून चालायचे, अशी एक थापही ते मारायचे. माथेरानच्या गाडीचा वेग ऐकल्यावर ती थाप होती की नाही याबद्दल मला शंका येऊ लागली आहे.


पक्की मराठी बेंगळुरात

उटीबद्दल लिहिते, कारण तुमच्या यजमानांची बाजू कुणीच घेतलेली नाही.

धूर हवा असेल तर यजमानांचं बरोबर आहे. मेट्टुपालयम ते कुन्नूर या घाटात निलगिरीच्या गाडीला अजून वाफेचं इंजिन लागतं. कुन्नूरच्या पुढे उटीपर्यंत डिझेल. मीटरगेज आहे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, एकूण ४६ किलोमीटर. चढ साडेबाराला एक, इतका की साध्या चाकांना पेलत नाही, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी टाकलेली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर चढतं. आणखी एक गोष्ट, जी तुमच्या लेकीला लगेच कळेल कारण तिने बँकर पाहिलेत: घाटात इंजिन पुढून ओढत नाही, उताराच्या टोकाला राहून मागून ढकलतं. पुढच्या डब्याच्या तोंडाशी ब्रेकचा माणूस झेंडे घेऊन उभा असतो. २००५ पासून ही रेल्वे युनेस्कोच्या यादीत आहे.

पण. वर जायला जवळजवळ पाच तास लागतात. जागा आधी राखून ठेवता येतात आणि सुट्टीच्या जागा फार आधी संपतात. आम्ही भाचीला घेऊन गेलो तेव्हा ती पहिले दोन तास स्वर्गात होती, तिसऱ्या तासाला तिला भूक लागली, चौथ्या तासाला 'आता साधी गाडी' मागायला लागली. तिचं वय तुमच्या लेकीएवढंच होतं. नाशिकहून तिथे पोचायचा प्रवास वेगळाच. मी तुमच्या जागी असते तर आत्ता माथेरान आणि ती आठ-नऊ वर्षांची झाली की उटी. तेव्हा तिला दातेरी पट्टी कशी काम करते हे यजमानांना समजावूनही सांगता येईल.


दोन पोरांची आई

सगळे इंजिनात गुंग, व्यवहाराचं कुणी बोलेना. या गाडीत स्वच्छतागृह नाही. अडीच तास. साडेपाच वर्षांची मुलगी. नेरळला गाडीत बसायच्या आधी नेऊनच आणायचं, 'मला नाही लागली' हे उत्तर मान्य करायचं नाही. सकाळी दूध अजिबात देऊ नका, इडली किंवा पोळीचा रोल असं कोरडं काहीतरी, तेही थोडं. उलटीचं म्हणाल तर एसटीचा घाट आणि ही गाडी यात फरक आहे: वेगच नाही, हिसका बसत नाही, खिडकीतून वारा येतो. माझ्या धाकट्याला कारमध्ये खंडाळ्याला पोचेपर्यंत दोन पिशव्या लागतात, या गाडीत काही झालं नाही. तरी पिशवी जवळ असू द्या.

आजींसाठी: त्यांनी अडीच तास लाकडी बाकासारख्या सीटवर कशाला बसायचं? एकाने त्यांना टॅक्सीने नेरळहून दस्तुरीला आणायचं. माथेरानमध्ये गाड्यांना बंदी असल्यामुळे मोटार दस्तुरीच्या पुढे जात नाही. तिथून अमन लॉजला शटल पकडायची, म्हणजे त्यांनाही मिनी ट्रेन घडते आणि गुडघे शाबूत राहतात. माथेरानमध्ये ई-रिक्षाही चालू झाल्या आहेत, पण थोड्या आहेत, रांग असते. हॉटेल स्टेशनापासून जवळचं बघा. जाहिरातीत 'दहा मिनिटांवर' लिहिलेलं माथेरानी माणसाच्या चालीने असतं. आम्हाला अशाच एका ठिकाणी सामान आणि झोपलेलं पोर घेऊन चढण चढावी लागली, ते दहा मिनिटं कुणाच्या घड्याळात होती देव जाणे. नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा लागतो, त्याची पावती फेकू नका.

पावसाने गाडीचा बेत फिसकटलाच तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. तिथे अख्खं गाव आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नलसह. माझी दोन्ही पोरं तिथून बाहेर यायला तयार नव्हती.


गोदाकाठची

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. बाटलीची युक्ती आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवली, तो अर्धी बाटली घेऊन घरातल्या जिन्यावर प्रयोग करतोय. उटीचा विषय बासनात. आजींना शटलचा बेत सांगितला, तर त्या म्हणाल्या, 'मी का टॅक्सीने? मलाही ते बोगद्याचं बघायचंय.' म्हणजे आता चौघंही पूर्ण गाडीने. सीटवर टाकायला उशी नेईन.

एकच शंका. समजा ऐनवेळी नेरळची गाडी सुरू झालेली नसली आणि लेकीला कळलेलं असलं (कळणारच, हिला सगळं कळतं), तर नुसत्या शटलवर तिचं समाधान होईल का?


इंदूरकर

वहिनी, शटल असली तरी डबे तेच, इंजिन तेच, रूळ दोनच फुटांचा. पोरांना अंतर कळत नाही, गाडी कळते. तीन किलोमीटरमध्ये दोनदा बसवा, जाताना आणि येताना.

आणि मुद्दाम लिहितोय, कारण पावसाळ्यात माथेरान बंद म्हणून हळहळणाऱ्यांना आमची गाडी माहीत नसते. महूजवळ पातालपाणी ते कालाकुंड अशी मीटरगेजची हेरिटेज गाडी आहे, डिसेंबर २०१८ पासून. घाट जेमतेम साडेनऊ-दहा किलोमीटरचा, पण चार बोगदे, चोरल नदीचं खोरं आणि पातालपाणीचा धबधबा. पावसात तर बघायलाच नको. मोठ्या खिडक्यांचे डबे आहेत. कालाकुंडला उतरलं की पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, आमच्या सौ. तेवढ्यासाठी येतात.

हा मार्ग आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना जवळचा आहे. खांडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. होळकर स्टेट रेल्वे म्हणायचे तिला. माझे पणजोबा सांगली संस्थानातून इथे आले ते याच घाटातून. त्यांना तेव्हा धबधबा दिसला की नाही, हे घरात कुणी सांगत नाही. ट्रंकांवर बसून होते एवढंच सांगतात.

गाडी रोज नसते, बहुतेक शनिवार-रविवार. त्या भागात ब्रॉडगेजचं कामही चालू आहे. चालू आहे का ते विचारूनच निघा. नाशिकहून इंदूर काही लांब नाही, पुढच्या पावसाळ्यात या.


कर्जत स्लो

गोदाकाठची ताई, इंदूरकरांनी शटलबद्दल लिहिलं ते बरोबर. त्यात भर घालतो. नेरळची गाडी बंद निघालीच तर त्या दिवशी सकाळी नेरळला न उतरता कर्जतपर्यंत जा, लोकलने दोनच स्टेशनं पुढे. पुण्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसना तिथे मागून बँकर लागतात, बोरघाट चढायला. चढ तुमच्या कसाऱ्याएवढाच, ३७ ला एक. फलाटाच्या मागच्या टोकाला उभं राहिलं की जोडणी डोळ्यांसमोर होते. तिला इगतपुरीला सुटणारे बँकर माहीत आहेत, लागणारे कदाचित नसतील. वडापाव खायचा, दोन-तीन गाड्या चढवून द्यायच्या, मग परत नेरळ आणि टॅक्सीने दस्तुरी, पुढे शटल. दिवस भरून निघतो.

परतीचं: दुपारच्या शटलने खाली उतरलात तर संध्याकाळची पंचवटी कल्याणला आरामात मिळते. आरक्षण आधी करून ठेवा, दिवाळीत उभं राहायलाही जागा नसते. आणि तिकडे कसाऱ्याला गाडी थांबेल तेव्हा लेक जागी असेल असं बघा, नाहीतर सकाळी तुम्हाला जाब द्यावा लागेल.


गोदाकाठची

आरक्षण झालं. चार जागा, त्यात एक खिडकी. खिडकीवर आजी आणि नात दोघींनी दावा सांगितला आहे.